दोन कॉन्सल आणि शेणाची पाटी

प्रश्न : प्राचीन रोममध्ये एकाच वेळी दोन कॉन्सल, म्हणजे राज्याचे सर्वोच्च अधिकारी, असत. त्यांचं पटलं नाही तर कारभार अडत नसे का? (एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : अडायचा की! आणि गरज पडली तर अडावा म्हणूनच ती सोय होती. राजा नको म्हणून सत्ता दोघांत वाटलेली, मुदत फक्त वर्षाची, आणि एकाचा हुकूम दुसऱ्याला रोखता येई. आपल्याकडे सोसायटीच्या चेक-बुकावर दोन सह्या लागतात, तसंच.

इ.स.पू. 59 मध्ये मात्र गंमत झाली. ज्युलियस सीझर आणि बिब्युलस हे कॉन्सल. सीझरच्या जमीनवाटपाच्या कायद्याला बिब्युलस आडवा गेला, तर भर फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, त्याच्या डोक्यावर शेणाची पाटी उपडी केली गेली! पुढे गडी घरातच बसला आणि तिथूनच ‘आज शकुन वाईट आहे’ अशा सूचना पाठवत राहिला, कारण शकुन वाईट असला की सार्वजनिक कामकाज थांबवावं लागे. रोमन लोक वर्षाला दोन्ही कॉन्सलांची नावं देत. टवाळांनी या वर्षाला नाव दिलं, ‘ज्युलियस आणि सीझर यांचं वर्ष’. पुणेकरांना हे आवडावं.

ट्रिब्यूनला, म्हणजे सामान्यांनी निवडलेल्या त्यांच्या प्रतिनिधीलाही, नकाराधिकार होता. मदत मागायला कोणीही कधीही यावं म्हणून त्याच्या घराचं दार रात्रीही उघडंच ठेवावं लागे.