आंबा पिवळा नको, तयार हवा

वाचकांचे प्रश्न

चैत्र सरत आला की या सदराच्या टपालात आंब्याशिवाय दुसरा विषय उरत नाही. आमची कलमं देवगड तालुक्यात, कातळावर. लग्न होऊन इथे आले त्या वर्षीपासून मी मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, आंबे निवडायला बसते. तेव्हा उत्तरं तिथूनच देते.

काकी, एप्रिलच्या सुरुवातीला मालवणहून परतताना महामार्गावर पाच डझनांची पेटी घेतली. वरचा थर पिवळाधमक होता. घरी कापले तर आत पांढरट, आंबट आणि वास म्हणून नाही. खालचे काही तर हिरवे असतानाच सुरकुतले. आमचं काय चुकलं? (एक वाचक भगिनी, ठाणे)

ताई, पत्र वाचून जीव हळहळला. एवढे पैसे मोजून पोरांच्या ताटात आंबट आंबा पडावा, हे आम्हा बागवाल्यांनाही लागतं. तुम्ही रंग पाहिलात, आणि रंगच फसवतो.

आमच्याकडे ‘पिकला का’ हे नंतर विचारतात, आधी ‘तयार झाला का’ हे विचारतात. आंबा तयार होतो झाडावर आणि पिकतो आढीत, म्हणजे पेंढ्यात रचून ठेवल्यावर. फळ धरल्यापासून तयार व्हायला साडेतीन-चार महिने लागतात आणि त्या काळात गरात पिष्ट भरतं. पिकताना त्याच पिष्टाची साखर होते. कोवळा उतरवलेल्या आंब्यात पिष्टच पुरतं भरलेलं नसतं, मग त्याला कशातही घाला, साल पिवळी होईल पण गोडी कुठून येणार? हंगामाच्या सुरुवातीला भाव चढा असतो, त्या मोहाने कोवळी फळं उतरवली जातात. तुमच्या पेटीत बहुतेक तीच होती.

कालच्या सकाळची गोष्ट. आमच्याकडे निवडायला येणाऱ्या बाईंनी क्रेटमधला एक आंबा उचलला, देठाभोवती अंगठा फिरवला आणि न बघताच बाजूला ठेवला. ‘वयनी, ह्यो कवळो आसा.’ मी तो हातात घेतला. आकाराने चांगला मोठा, पाव किलोच्या वर. पण खांदे देठापासून सरळ खाली उतरलेले, बाटलीच्या मानेसारखे. त्याच्या शेजारचा आंबा घेतला तर तो लहान असून खांदे देठाच्या वर उचललेले, मधे खळगा आणि त्या खळग्यात देठ रुतलेला. गाल दोन्ही बाजूंनी भरलेले. हिरवा रंग गडद न राहता फिका झालेला आणि सालीवरचे बारीक ठिपके उठून दिसणारे. तो तयार आंबा. एवढी एक खूण हाताला कळली की बाजारात तुम्हाला कोणी सहसा फसवणार नाही.

पिकलेलाच आंबा घ्यायचा असेल तर देठाशी नाक न्या. हापूस पिकला की वास लपत नाही. वास नसेल तर रंग कितीही सुरेख असो, खाली ठेवा. अंगठ्याने मात्र दाबू नका, दाबलेली जागा दुसऱ्या दिवशी काळी पडते आणि आंबा दुसऱ्याच्या घरी नासतो. तळहातावर घेऊन चार बोटांनी हलकं धरलं की मऊपणा समजतो.

सुरकुत्यांचंही नीट समजून घ्या. पिवळा झाल्यावर, सुवास सुटल्यावर साल जराशी सैल पडली तर तो आंबा गोडच असतो, आमच्या घरची म्हातारी माणसं तोच शोधून घेतात. हिरवा असतानाच सुरकुतला तर तो कोवळा काढलेला. तुमच्या खालच्या थरातले हेच.

कार्बाइडचं विचारलं नाहीत तरी सांगते. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. ओल लागली की त्यातून अॅसिटिलीन वायू सुटतो, साल पिवळी होते, गर तसाच राहतो. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात, म्हणून ती बंदी. पेटीत राखाडी-पांढरी पूड किंवा पुड्या दिसल्या तर ती पेटी घेऊ नका. पण सगळे आंबे एकसारखे पिवळे आहेत एवढ्यावरून कार्बाइडचा आळ घेऊ नका. इथिलीन वायूच्या खोलीत पिकवलेला मालही एकसारखा दिसतो आणि ती पद्धत ठरावीक प्रमाणात मान्य आहे. घरच्या आढीतला आंबा मात्र कुठे पिवळा, कुठे हिरवट, एखाद्या खांद्यावर किंचित लाली, असा उतरतो.

पुढच्या वेळी खालचा थर वर काढून दाखवायला सांगा आणि एक आंबा तिथेच कापायला लावा, त्याचे पैसे द्या. त्यात संकोच कसला? आपल्या मालावर भरवसा असलेला माणूस नाही म्हणत नाही.

आंबा बाहेरून निर्दोष, आत पांढरा स्पंजासारखा गोळा. हे बाहेरून ओळखता येतं का? (एक वाचक, कोल्हापूर)

नाही. हा साका. चाळीस वर्षं आंबे हाताळणाऱ्या माणसालाही बाहेरून खात्रीने सांगता येत नाही. साका निघालेला भाग टाका, बाकीचा खाता येतो.

कारणात उष्णतेचा मोठा हात आहे. आमचा कातळ एप्रिलमध्ये असा तापतो की अनवाणी चालवत नाही. ती धग वर येते आणि खालच्या फांद्यांवरच्या फळांना लागते. म्हणून झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन करतात. झाडावर पुरता सोळा आणे होऊ दिलेला आणि आकाराने थोराड झालेला आंबा साक्याला जास्त बळी पडतो. म्हणून चौदा आणे तयार फळ उतरवायचं, म्हणजे साधारण पंच्याऐंशी टक्के, आणि उतरवल्याबरोबर सावलीत न्यायचं.

एका वर्षी आमच्याच बागेत गाडी यायला उशीर झाला आणि भरलेले क्रेट दुपारभर उन्हात राहिले. दहा दिवसांनी एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, ‘वहिनी, डझनातले पाच टाकले.’ त्यांनी पैसे परत मागितले नाहीत, मीच पुढच्या पेटीत भरून दिले. त्या दिवसापासून क्रेट उन्हात एक क्षण राहिलेला मला खपत नाही.

तुम्हाला करण्याजोगं एकच: फार मोठ्या आंब्याच्या मागे लागू नका. दोनशे ते अडीचशे ग्रॅमचा आंबा घ्या, स्वस्तही पडतो. साक्याची धास्तीच असेल तर ‘रत्ना’ मिळाला तर जरूर घ्या. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रात तो तयार झाला, त्यात साका होत नाही. चव हापूसची नाही हे कबूल, पण वाईट मुळीच नाही.

हिरवे आंबे घेतले तर फ्लॅटमध्ये पेंढा कुठून आणू? आणि फ्रीजमध्ये कधी ठेवू? (एक वाचक भगिनी, पुणे)

पेंढा मिळाला तर सोनं, नाहीतर वर्तमानपत्र चालतं. आधी आंबे बादलीभर पाण्यात सोडा. तयार आंबा बुडतो, तरंगेल तो कोवळा, त्याचं लोणचं नाहीतर पन्हं करा. बुडालेले पुसून पूर्ण कोरडे करा. खोक्यात कागद, त्यावर आंबे एकमेकांना न चेपता एका थरात, फार तर दोन, वर पुन्हा कागद. प्लॅस्टिकची पिशवी अजिबात नको, घाम धरतो. खोकं घरातल्या उबदार पण वारा असलेल्या कोपऱ्यात, पलंगाखाली चालेल.

मग रोज सकाळी खोकं उघडायचं. हा कंटाळा करू नका. पिकणारा आंबा स्वतःच इथिलीन सोडतो आणि शेजाऱ्यांना पिकवतो. देठाशी काळा पडलेला एक जरी राहिला तर शेजारीही बिघडतात. नासक्या आंब्याची म्हण काही उगीच पडलेली नाही. साधारण आठ-दहा दिवसांत वास सुटायला लागतो, उन्हाळा कडक असेल तर आधीच.

हिरवा आंबा फ्रीजमध्ये कधीही घालू नका. थंडी लागली की नंतर बाहेर काढूनही तो धड पिकत नाही, सालीवर डाग धरतो. पिकल्यावर दोन-तीन दिवस ठेवा, खाण्याआधी बाहेर काढा. आणि पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवून मगच कापा, देठाशी लागलेला चीक ओठांना झोंबत नाही.

पेटीवर देवगड लिहिलंय म्हणजे आतला आंबा देवगडचाच, हे कशावरून? (एक वाचक, रत्नागिरी)

लिहिलंय एवढ्यावरून नाहीच. कर्नाटकातला आंबा इकडच्या खोक्यांत भरून विकला जातो हे आपल्या पट्ट्यात शेंबडं पोरही जाणतं आणि कातळाला सुरुंग लावून, खड्ड्यात माती वाहून ज्यांनी झाडं जगवली त्यांच्या पोटावर हा पाय आहे. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं. विक्रेत्याकडे त्याची नोंदणी आहे का, हे सरळ विचारा.

हाताने ओळखायचं तर आपल्याकडच्या हापूसची साल पातळ, कापल्यावर गर केशरी. तिकडच्याची साल जाड आणि गर पिवळ्याकडे झुकणारा. टोकाशी ठळक चोच आणि खांदा लालसर असेल तर तो हापूस नव्हे, पायरी. पायरी म्हणूनच घ्या आणि रस करा, रसाला तिच्यासारखी दुसरी नाही.

मेअखेरीच्या आंब्यात अळ्या निघतात. घ्यावेत की नाही? (एक वाचक, कणकवली)

वळवाचे दोन पाऊस पडून गेल्यावर मी माझ्या नातवंडांना कापल्याशिवाय एकही आंबा देत नाही. फळमाशी सालीत टोचून अंडी घालते. टोचल्याजागी टाचणीच्या डोक्याएवढा डाग दिसतो, कधी चिकाचा थेंब सुकलेला असतो, भोवती मऊ लागतं. असा आंबा घेऊ नका. पडलेली, अळ्या लागलेली फळं बागेत टाकून देऊ नका, खोल पुरा, नाहीतर पुढच्या वर्षी माशी तुमच्याच घरी येईल. बाकी आंबा निर्धास्त घ्या, या दिवसांत तो स्वस्तही असतो. फक्त तोंड लावून चोखू नका, फोडी करून खा.