लूप तोच ठेवून कॉर्ड आणि पट्टी कशी बदलायची?

तुमची अडचण मला समजली ती अशी: सी मेजरचा, एकाच कॉर्डवर वाजणारा गिटारचा ऑडिओ लूप (पुन्हापुन्हा वाजणारा छोटा तुकडा) तुम्हाला आवडलाय. गाण्यातल्या कॉर्ड सी, ए मायनर, एफ, जी अशा आहेत आणि शेवटच्या कडव्याला पट्टी दोन सेमीटोन (अर्धे सूर) वर न्यायची आहे. लूप ट्रान्सपोज केला, म्हणजे अख्खा वर-खाली सरकवला, की ए मायनरला तो बेसूर लागतो.

पट्टी बदलणं आणि कॉर्ड बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. ट्रान्सपोज त्यातलं पहिलं काम चोख करतं, कारण ते सगळे स्वर सारख्याच अंतराने सरकवतं. कॉर्डच्या बाबतीत नेमकं तिथेच अडतं. सी मेजर म्हणजे सी, ई, जी. हे तीन सेमीटोन खाली नेलं की ए, सी शार्प, ई मिळतं, म्हणजे ए मेजर. तुम्हाला हवा होता सी, आला सी शार्प. बेसूर लागतोय तो हा एकच स्वर.

यावर माझा सर्वांत आवडता उपाय म्हणजे ए मायनरच्या बारमध्ये गिटारला हातच लावायचा नाही. लूप सी मेजरच वाजू द्या, फक्त बेसला ए वाजवा. ए, सी, ई, जी म्हणजे ए मायनर सेव्हन. ऐकणाऱ्याला कॉर्ड बदललीच असं वाटतं, आणि गिटारचा मूळ आवाज जराही बिघडत नाही. हीच युक्ती पुढेही चालते. एफवर नेलेल्या लूपखाली डी वाजवला की डी मायनर सेव्हन, जीवर नेलेल्या लूपखाली ई वाजवला की ई मायनर सेव्हन. म्हणजे एका मेजर लूपमधून या पट्टीतल्या सहा मुख्य कॉर्ड निघतात. एक काळजी मात्र घ्या. गिटारवर उघड्या पोझिशनमधल्या सी कॉर्डचा सर्वांत खालचा स्वर साधारण १३१ हर्ट्झचा असतो. तो जोरात वाजत असेल तर कानाला ‘सी’च मूळ वाटत राहतो. त्या बारपुरतं १५० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (खालचे स्वर कापणारा) फिल्टर लावा, बेसचा ए मोकळा ऐकू येईल.

एफ आणि जीसाठी सरळ ट्रान्सपोज करा: एफला +५ (पाच सेमीटोन वर), जीला −५ (पाच खाली). जीला +७ सुद्धा चालतं, पण ऑडिओ जितका कमी सरकवाल तितका बरा. ताणलेल्या गिटारचा आवाज पत्र्यासारखा व्हायला वेळ लागत नाही. लूपमध्ये नुसती कॉर्ड नसून छोटी चाल असेल तर नीट ऐका. सी मेजरमधला मध्यम, म्हणजे एफ, +५ ने बी फ्लॅट होतो आणि निषाद, म्हणजे बी, −५ ने एफ शार्प होतो. दोन्ही पट्टीबाहेरचे. असा एखादा स्वर सापडला तर मेलोडाइनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढाच स्वर अर्धा सूर हलवता येतो. गिटार स्वच्छ असेल तर हे छान जमतं, डिस्टॉर्शन असेल तर फारसं नाही.

कापायचं कुठे, याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. स्ट्रमिंगचा शेवटचा ठोका पुष्कळदा पुढच्या कॉर्डचा असतो, समेच्या अर्धी मात्रा आधी आलेला. तुम्ही बारच्या रेषेवर कापलंत तर तो ठोका जुन्याच कॉर्डवर राहतो आणि बदल उशिरा आल्यासारखा वाटतो. तिथे अर्धी मात्रा आधी कापा, सांध्यावर पाच-दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक तुकडा विरताना दुसरा चढू द्या. रिव्हर्ब (घुमणारा आवाज) लूपमध्येच मुरलेला असेल तर त्याची शेपटी तुटते. म्हणून मी नेहमी कोरडे लूप निवडतो आणि रिव्हर्ब नंतर ट्रॅकवर लावतो.

तोच लूप मिडीमध्ये (आवाजाऐवजी स्वरांची नोंद) मिळत असेल तर विचार करू नका, मिडीच घ्या. सी शार्पचा सी करायला एक क्लिक लागतो. क्युबेस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये मिडी ट्रॅकला कॉर्ड ट्रॅकच्या (गाण्याच्या कॉर्ड लिहिलेल्या ट्रॅकच्या) मागे चालायला लावता येतं, स्टुडिओ वन या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा कॉर्ड ट्रॅक ऑडिओवरही काम करतो. ऑडिओवरचा निकाल मात्र कानाने तपासून घ्या.

आता शेवटचं कडवं. इथे आधीचं सगळं जसंच्या तसं ठेवून सुरेल ट्रॅकना +२ द्यायचं: जीचा लूप −५ वरून −३, एफचा +५ वरून +७. एफचा आवाज फारच ताणलेला वाटला तर त्याऐवजी −५ करून बघा. लॉजिक या ॲपलच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्सपोझिशन ट्रॅकवर हा बदल एकदाच लिहिला की मिडी आणि ॲपल लूप दोन्ही तो पाळतात. गाणं मात्र नव्या पट्टीत पुन्हा गाऊन घ्या. ड्रम्स सरकवू नका, पण ८०८ या ड्रम मशीनचा लांब किक सुरात लावलेला असेल तर तो बेसच समजा आणि त्यालाही +२ द्या.