मध्यमवर्गाची असुरक्षितता अभ्यासताना

शहरी मध्यमवर्गाच्या आर्थिक असुरक्षिततेचा अभ्यास तुम्ही नव्याने हाती घेतला आहे, म्हणून आधीच सांगतो की केवळ उत्पन्नाच्या आकड्यापाशी थांबू नका. संकटात ही कुटुंबे कोसळतात ती पगार कमी असतो म्हणूनच नव्हे, तर त्याचा मोठा भाग घराचा हप्ता, भाडे आणि मुलांची फी यांत आधीच अडकलेला असतो म्हणून.

अर्जेंटिनाचे उदाहरण बारकाईने वाचा. डिसेंबर 2001 मध्ये सरकारने बँकेतून आठवड्याला 250 पेसोंपेक्षा अधिक रोकड काढण्यास मनाई केली. पुढच्याच महिन्यात, 1991 पासून चालत आलेली एक पेसो म्हणजे एक डॉलर ही हमी मोडीत निघाली आणि फेब्रुवारी 2002 मध्ये डॉलरमधील ठेवी दर डॉलरला 1.40 पेसो या दराने पेसोंत बदलण्यात आल्या. बाजारात मात्र त्याच वर्षी डॉलर तीन पेसोंच्या वर गेला. राजधानी ब्युनोस आयर्सच्या रस्त्यांवर निषेध म्हणून पातेली बडवत उतरलेल्यांमध्ये आयुष्यभर नेमाने बचत केलेली माणसे होती, आणि हे मला आजही अस्वस्थ करते.

श्रीमंतांचा पैसा बहुधा आधीच परदेशी गेलेला असतो, तर सरकारी मदतीचे निकष दारिद्र्यरेषेवर बेतलेले असतात. या दोहोंच्या मध्ये हा वर्ग सापडतो.

मुलाखतीत उत्पन्न विचारण्याऐवजी, पगार थांबला तर घर किती महिने चालेल आणि सर्वांत आधी काय विकावे लागेल, हे विचारा. उत्तराची घाई करू नका, कारण ही माणसे अडचण शेजाऱ्यांपासूनही लपवतात.