वेबसाइटवरच्या ऑर्डर टॅलीप्राइममध्ये आपोआप कशा नोंदवायच्या?

यासाठी वेगळं सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही, टॅलीप्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर स्वतःच एचटीटीपी सर्व्हर म्हणून चालतं, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने पाठवलेली माहिती घेऊन उत्तर देतं. एफ१ दाबून सेटिंग्जमधल्या कनेक्टिव्हिटीत जा, सर्व्हर किंवा बोथ निवडा, पोर्ट (ही माहिती ज्या क्रमांकावर येते तो) ९००० ठेवा. मग त्याच मशीनच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि हा पोर्ट (localhost:9000) टाकून सर्व्हर चालू असल्याचा संदेश येतो का बघा. कंपनी उघडी असू द्या.

यानंतर ऑर्डर आणणाऱ्या तुमच्या छोट्या प्रोग्रामने व्हाउचरचं (टॅलीतल्या व्यवहाराच्या नोंदीचं) एक्सएमएल, म्हणजे टॅगमध्ये मांडलेला मजकूर, तिथे पोस्ट करायचं, म्हणजे पाठवायचं. खरी डोकेदुखी इथे असते. लेजरचं (खात्याचं) नाव टॅलीत आहे तसंच हवं, नसेल तर आधी लेजर तयार करा. तारीख सलग आठ आकड्यांत: वर्ष, महिना, दिवस. नावात & असेल तर ते एस्केप करा, म्हणजे & असं लिहा, नाहीतर एक्सएमएलच मोडतं. आणि एचटीटीपीचा २०० कोड (विनंती पोचल्याची खूण) आला म्हणून नोंद झाली असं अजिबात समजू नका! उत्तरातले क्रिएटेड आणि एरर्स हे आकडे दर वेळी वाचून लॉगमध्ये ठेवा.

हा पोर्ट पासवर्ड विचारत नाही, त्यामुळे राउटरवरून इंटरनेटला कधीही उघडू नका. ऑफिसातल्या मशीनवर तो छोटा प्रोग्राम ठेवा, तोच वेबसाइटवरून ऑर्डर ओढून आणेल. सुरुवात मात्र डमी कंपनीवरच करा.