वाचकांचे प्रश्न : 'हॅलोवीन' ही भयपटांची मालिका कुठे बघायची?

प्रश्न : 'हॅलोवीन'चे सगळे भाग ओळीने बघायचे आहेत. एकाच ॲपवर मिळतील का? – एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : तशी आशा धरू नका. १९७८ ते २०२२ या काळात १३ चित्रपट आले. दुसरा-तिसरा युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीने आणला, सहावा ते आठवा डायमेन्शन या दुसऱ्या कंपनीने. हक्क असे विखुरलेले, त्यात करार संपला की चित्रपट ॲपवरून गायब होतो. म्हणून वर्गणी भरण्याआधी 'जस्टवॉच'वर (कोणता चित्रपट कुठल्या ॲपवर आहे ते सांगणारी वेबसाइट) देश 'भारत' ठेवून प्रत्येक भाग वर्षासकट शोधा. वर्ष महत्त्वाचं, कारण १९७८, २००७ आणि २०१८ अशा तिन्ही चित्रपटांचं नाव नुसतं 'हॅलोवीन'च आहे! वर्गणीत नसेल तर भाड्याने घ्या, पण 'प्ले' दाबल्यावर मुदत बहुधा ४८ तासांचीच असते, तेव्हा शनिवारी सुरू करा.

अमेरिकेतून ब्लू-रे मागवताना जपून. ब्लू-रे डिस्कसाठी जगाचे विभाग पाडलेत : तिथला विभाग 'ए', आपला 'सी'; विभागबंद (म्हणजे एकाच विभागापुरती बनवलेली) डिस्क इथल्या प्लेअरवर चालत नाही.

तेराही बघायलाच हवेत असं नाही. १९७८, २०१८, २०२१, २०२२ हे चार मिळून सलग कथा होते. २०१८चा चित्रपट मधले सगळे भाग बाजूला ठेवतो. तिसऱ्याची (१९८२) कथा तर स्वतंत्रच आहे, तो कधीही बघा.