वस्तऱ्याने दाढी करायला शिकतोय, गळा लाल होऊन दिवसभर आग होते, काय लावू?

तुम्ही लिहिलंय की तीन आठवडे झाले वस्तरा हातात घेऊन, गालाचं बरं जमतंय पण गळ्यावर लाल पुरळ येतं, चुणचुणतं, आफ्टरशेव्ह, बर्फ, खोबरेल सगळं लावून झालं. मला आता पाच वर्षं होतील, आणि पहिले तीनचार महिने माझा गळा तुमच्यापेक्षा वाईट होता, आई विचारायची मांजराशी भांडलास का. म्हणून आधी हेच सांगतो की काय लावायचं ते नंतर बघू, आग दाढी झाल्यावर कळते खरी पण ती लागते वस्तरा चालू असताना, आणि बहुतेक वेळा हात जड पडतो म्हणून.

माझ्याकडे आजोबांचा जुना वस्तरा आहे, पात्यावर जर्मनीतल्या झोलिंगेनचा छाप, माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला. मी उत्साहात तसाच गालावर फिरवला आणि अर्धा गाल सोलून घेतला. मग इथे इंदूरला आमच्या रामबागेत घरामागे कटिंगचं दुकान आहे तिथल्या काकांकडे घेऊन गेलो, त्यांनी अंगठ्याने धार बघितली आणि म्हणाले, "भिया, इससे तो गिलकी भी नहीं कटेगी." निसण्यावर लावून दिला त्यांनी, चमोटीवर, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यावर कसा फिरवायचा तेही दाखवलं. पाठ पुढे, धार मागे, टोकाला पोचलं की पाठीवरून पलटी मारायची, धारेवरून नाही, आणि पट्टा ताणून धरायचा, ढिला सोडला की धार गोल होते. दाढीआधी दर वेळी चाळीस-पन्नास फेऱ्या. तुम्ही हे करताय का ते लिहिलं नाही. बाजारात नवा म्हणून मिळतो तो वस्तरा पुष्कळदा दाढीच्या धारेचा नसतोच, आणि बोथट धार असली की माणूस आपोआप दाबतो. आणि तुमचा वस्तरा अर्धं ब्लेड तोडून बसवायचा असेल, दुकानात हल्ली तोच वापरतात, तर तो जास्त तिखट असतो, नाजूक त्वचेवर शिकायला अवघड. पण त्यात एक फायदा आहे की धारेची कटकट नाही, ब्लेड बदललं की झालं.

आता तुरटी. मी तुम्हाला तुरटी लावा म्हणतोय ते औषध म्हणून नाही, मास्तर म्हणून. दाढी झाली की गार पाण्याने चेहरा धुवा, तुरटीचा खडा ओला करून सगळ्या चेहऱ्यावर फिरवा आणि आरशासमोर नुसते उभे रहा. जिथे झोंबेल तिथे तुम्ही दाबलं किंवा एकाच जागी तीनदा फिरवलं, जिथे काही वाटत नाही तिथे हात बरोबर होता. मला पहिल्या दिवशी गालावर काहीच नाही, जबड्याच्या हाडाखाली दोन बोटांची एक पट्टी अशी झोंबली की डोळ्यात पाणी, आणि कंठाच्या उजव्या बाजूला एक रुपयाएवढा डाग. रोज तीच पट्टी आणि तोच डाग. मग लक्षात आलं की उजव्या हाताने उजवा गळा करताना माझं मनगट वळतं आणि वस्तऱ्याची पाठ जास्त उचलली जाते. तीसेक अंश असायला पाहिजे, म्हणजे पाठ गालापासून साधारण तिच्या दोन जाड्यांएवढी वर, मी जवळजवळ काटकोनात खरवडत होतो. मनगट सरळ ठेवून कोपर उचलायला लागलो, दुसऱ्या हाताने कातडी वर ताणली, आणि पंधरवड्यात तो डाग झोंबायचा बंद झाला. काका म्हणायचे "दबाओ मत, इसका खुद का वजन बहुत है", तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं, तुरटीने समजावलं.

पण तुरटी चेहऱ्यावर ठेवून फिरू नका, अर्ध्या मिनिटाने धुवून टाका, ती त्वचा आवळते आणि कोरडी करते, आणि इंदूरच्या मे महिन्यात आधीच ओठ फुटलेले असतात.

गळ्याची अजून एक भानगड म्हणजे केसांची दिशा. गालावर ते खाली जातात, गळ्यावर कुणाचे वर जातात, कुणाचे आडवे, माझे तर डावीकडे भोवरा. दोन दिवस दाढी वाढवा आणि बोट फिरवून बघा, जिकडे गुळगुळीत लागेल ती दिशा, तिकडेच वस्तरा. सध्या एकदाच, फार तर दुसऱ्यांदा आडवा. उलटा फिरवायचा नाही, गुळगुळीत नको तुम्हाला, आधी कातडी शाबूत ठेवा. आणि रोज करू नका, दोन दिवसांआड करा, पहिला महिना नुसते गाल वस्तऱ्याने आणि गळा साध्या रेझरने केला तरी कुणी नावं ठेवणार नाही.

पाणी कुठलं आहे तुमच्याकडे? हा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो. इंदूरला नर्मदेचं पाणी नळाला 1978 साली आलं, सत्तर किलोमीटरवरून, नदीकाठच्या जलूदहून वर चढवून, पण आमच्या बिल्डिंगमध्ये नळाचं पाणी प्यायला आणि बाकी सगळ्याला बोरिंग. बोरिंगच्या जड पाण्यात साबणाला फेसच येत नाही, नुसती साय येते, आणि कोरड्या फेसावर वस्तरा म्हणजे सुकं वांगं सोलल्यासारखं. मी दाढीपुरतं एक तांब्या नळाचं पाणी बाजूला ठेवतो. आंघोळीनंतर दाढी, ब्रश ओला, आणि फेस घुसळलेल्या दह्यासारखा झाला पाहिजे, फुगीर बुडबुडे नकोत. गार-गार वाटणारा मेन्थॉलचा साबण नाजूक त्वचेला नको, आधी बरं वाटतं आणि मग आग.

आता लावायचं. स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह बंद करा, सोललेल्या जागी स्पिरिट म्हणजे जखमेवर मीठच. पुसताना टॉवेल घासू नका, टिपा. कोरफड चालते, पण कुंडीतलं पान तोडून लगेच चोपडू नका, कापल्यावर जो पिवळा चीक येतो त्याने कित्येकांना खाज सुटते, पान दहा-पंधरा मिनिटं उभं करून निथळू द्या, मग आतला पांढरा गर, आणि आधी कानामागे लावून एक रात्र बघा. नाहीतर वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर. खोबरेल मला सोसतं, माझ्या धाकट्या भावाला त्याने पुटकुळ्या येतात. लिंबू आणि टूथपेस्ट, नाही.

एक मात्र कळकळीने सांगतो, मेडिकलवाला विचारल्यावर जी लाल होण्यावरची ट्यूब काढून देतो ती घेऊ नका, असल्या कित्येक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, आठ दिवस जादू वाटते आणि मग कातडी पातळ होत जाते. मी लावली होती. पू भरलेल्या पुळ्या येत असतील किंवा केस आतल्या आत वळत असतील तर वस्तरा बंद, दाढी वाढू द्या आणि त्वचेच्या डॉक्टरकडे जा. वस्तरा घरात कुणाला वापरायला देऊ नका, आणि पुसून कोरडा करून ठेवा, ओला राहिला की पावसाळ्यात एका रात्रीत डाग धरतो.

माझं म्हणाल तर हनुवटीखालचा खळगा अजूनही मी साध्या रेझरनेच करतो, पाच वर्षांनंतरही तिथे तुरटी झोंबतेच.