इन्सब्रुकला चपट्या कृमींच्या स्नायूंवर काम करायला येण्यापूर्वी

तुम्ही विचारले आहे की, शिवाजी विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर चपट्या कृमींच्या स्नायूंवर संशोधन करायला ऑस्ट्रियातील इन्सब्रुकला यायचे असेल, तर कोल्हापुरात असतानाच कोणती तयारी करावी आणि म्हशीच्या यकृतातील फॅसिओला जायगँटिका या यकृतकृमीवर केलेल्या कामाला इथे किंमत आहे का. मीही कोल्हापूरचाच. त्या कामाला इथे नक्कीच किंमत आहे. इथे राहण्याच्या परवान्याच्या कागदपत्रांची माहिती विद्यापीठाचे कार्यालय देते. जर्मन मात्र आतापासून शिका.

आपल्याकडे कृमी दोन काचांमध्ये दाबून, कारमाइन या लाल रंगाने रंगवून अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांतून नेतात. त्यात चूषके आणि वृषण उत्तम दिसतात, पण स्नायू पुसट राहतात. इथे फॅलॉयडिन वापरतात. एका विषारी अळंबीतील हे द्रव्य स्नायूंतील अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या तंतूंना चिकटते आणि त्याला चकाकणारा रंग जोडलेला असल्यामुळे कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली एकेक तंतू सुटा दिसतो. मात्र मिथेनॉलमध्ये ठेवलेल्या ऊतीत ते नीट धरत नाही. मी कोल्हापूरहून जपून आणलेली नमुन्यांची बाटली याच कारणाने निकामी ठरली, म्हणून हे आधी सांगतो. जिवंत कृमी रसायनाने स्थिर (फिक्स) करण्यापूर्वी मॅग्नेशियम क्लोराइडने शिथिल करण्याचा सरावही तिथेच करा, कारण तो आखडला की स्नायूंचे थर एकमेकांवर चढतात आणि मोजणीला अर्थ उरत नाही.

थरांचा क्रम हा या विषयाचा गाभा आहे. देहभित्तीत बाहेर वर्तुळाकार आणि आत लांबीला समांतर स्नायू असतात, पण तिरप्या स्नायूंची जागा बदलते: प्लॅनेरिया या मुक्तजीवी चपट्या कृमीत ते या दोहोंच्या मधे असतात, तर तुमच्या यकृतकृमीत सर्वांत आत. अशा फरकांतून नाती शोधता येतात, पण जपून. बाहेर वर्तुळाकार आणि आत लांब ही मांडणी गांडुळातही आहे. ती इतकी जुनी आणि सर्वदूर आहे की, तेवढ्यावरून कोणी कोणाचा सख्खा ठरत नाही.

अकोएला गटाचे उदाहरण मनात पक्के ठेवा. देहगुहा नसलेले, पक्ष्माभिकांवर (केसांसारख्या सूक्ष्म तंतूंवर) सरकणारे हे चपटे जीव आपल्या पाठ्यपुस्तकांत टर्बेलेरियात, म्हणजे मुक्तजीवी चपट्या कृमींच्या वर्गात असतात. 1999 मध्ये रायबोसोमच्या जनुकाच्या तुलनेतून ते चपट्या कृमींपासून बरेच दूरचे असल्याचे दिसले आणि आज त्यांना झीनासीलोमॉर्फा या वेगळ्या गटात ठेवतात. टर्बेलेरिया हाही आता नैसर्गिक गट मानला जात नाही, कारण यकृतकृमी, पट्टकृमी आणि त्यांचे परजीवी भाईबंद, म्हणजे निओडर्माटा, मुक्तजीवी कृमींच्याच एका शाखेतून निघाले. मुलाखतीत टर्बेलेरिया, ट्रेमॅटोडा आणि सेस्टोडा हे जुने तीन वर्ग घोकून सांगू नका.

इथल्या संशोधनाच्या परंपरेतला मॅक्रोस्टोमम लिग्नानो हा मुक्तजीवी चपटा कृमी जेमतेम दीड मिलिमीटरचा आणि पारदर्शक आहे. तुमचा कृमी त्याच्यापेक्षा कितीतरी जाड असल्याने त्याचे स्नायू पाहायला छेद घ्यावे लागतात, आणि तो हात तुमच्याकडे आहे. छेदांवरून थर मोजून काढलेली रेखाटने, कृमीचा कोणता भाग आणि कोणती दिशा हे प्रत्येकावर लिहून, अर्जासोबत जोडा.